सहा महिन्यांचा विद्यार्थी

परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाशी आपल्या विद्यापीठाचा करार होतो. तिकडची मुलं एका सत्रासाठी इकडे येतात, इकडची तिकडे जातात. त्यांत एखादा अंध असतो, एखादी चाकाच्या खुर्चीवर असते, कुणाला फिट येतात, कुणाला वाचताना अक्षरंच लागत नाहीत. या मुलांसाठी यजमान विद्यापीठानं काय करायला हवं? आणि घरची दिव्यांग लेकरं ताटकळत असताना आधी पाहुण्यांचं बघायचं का? जालना जिल्ह्यातल्या मंठ्याला आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात यावरून मोठा वाद झाला. तो मी जमेल तसा लिहून काढतो आहे. या विषयावर सरकारी परिपत्रकं निघतात, सत्कार होतात, पण दोन माणसं समोरासमोर बसून खरं भांडलेली मी पाहिली नव्हती.

भांडणारे दोघंही घरचेच. तात्या, म्हणजे माझे चुलते, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झाले. बारावीच्या परीक्षेचं केंद्र त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. माझी धाकटी बहीण पुण्यातल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागात नोकरी करते. भूशास्त्राच्या मुलांना घेऊन ती लोणारचं विवर बघायला आली होती आणि परतताना गाडी मुद्दाम मंठ्यावरून घेतली होती. मुलं ओसरीवर चहा पीत होती. त्यांत चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी होती, युरोपातून सहा महिन्यांसाठी आलेली. विवराच्या तळाशी तिला जाता आलं नव्हतं. काठावरून दुर्बिणीनं बेसॉल्टचे थर बघून तिनं टिपणं काढली होती. मुलं गेल्यावर, जेवणं उरकल्यावर, तात्यांनी विषय काढला.

तात्या : एका मुलीसाठी तू वेगळी गाडी केलीस, सोबत मदतनीस बाई आणलीस, आदल्या दिवशी रस्ता बघायला माणूस पाठवलास. माझी तक्रार नाही. पाहुणी आहे, करावं. पण मला एक सांग, आपल्या तालुक्यातलं एखादं अधू लेकरू पुण्याला तुझ्या विद्यापीठात आलं, तर त्याच्यासाठी आदल्या दिवशी रस्ता बघायला कुणी जातं का?

धाकटी : नाही जात. जायला पाहिजे.

तात्या : मग आधी ते कर. आपल्याकडं दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढायचं तर जालन्याला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, साठेक किलोमीटर. एसटीत तिकिटाला सवलत आहे, पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. एक दिवस मजुरी बुडवून बाप लेकराला उचलून चढवतो, आणि तिथं गेल्यावर कळतं, आज हाडांचे डॉक्टर नाहीत. या गोष्टी आधी सुटू देत. परदेशातून शिकायला येणारी मुलं खात्यापित्या घरची असतात गं.

धाकटी : सगळी नसतात. पण ते असो. आज सकाळी काय झालं ते सांगते. सहाला संभाजीनगर सोडलं. अकराच्या सुमाराला लोणारला पोचल्यावर मला कळलं की तिनं उठल्यापासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. वाटेत खुर्ची आत जाईल असा संडास मिळणार नाही, हा हिशेब तिचा तिनंच केला होता. मी आठवडाभर आधी वाटेतल्या ढाब्यांना फोन केले होते. सगळे म्हणाले, ‘आहे ना मॅडम, टॉयलेट आहे.’ आहे म्हणजे दोन पायऱ्या चढून, आणि दार दोन फुटांचं.

तात्या काही क्षण गप्प राहिले. मग जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

तात्या : तळणीकडून एक मुलगी यायची परीक्षेला. दोन्ही पायांना कॅलिपर. पेपर अकराचा, तीन तासांचा, वर जादा एक तास. ती घरून निघताना चहासुद्धा घ्यायची नाही. उन्हाळा तोंडावर आलेला, वर्गात पंखा असला तर असला. मी एकदा पाण्याचा पेला तिच्या बाकावर ठेवला. तिनं तो हळूच बाजूला सरकवला. का, ते मला आमच्या शाळेतल्या मावशींनी नंतर सांगितलं. तर मला हे सांग, तुझ्या पाहुणीची तहान मोठी आणि तळणीच्या मुलीची लहान, असं का?

धाकटी : तळणीच्या मुलीनं तक्रार केली होती?

तात्या : छे. ती कशाला करील?

धाकटी : ही करणार. आज रात्रीच ती आमच्या विद्यापीठाला आणि तिच्या विद्यापीठाला सविस्तर लिहिणार आहे. तिनं मला सांगितलंय तसं. आणि त्या पत्राला उत्तर द्यावं लागेल, कारण मधे करार आहे. तिला सोयी मिळाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी ते मुलं पाठवणार नाहीत आणि आपलीही घेणार नाहीत.

तात्या : म्हणजे बाहेरच्यानं लिहिलं तर हलायचं.

धाकटी : हो. आणि याची मला लाज वाटते, तात्या. पण पत्र आलं की मी ते हातात घेऊन चार खोल्यांमधून फिरते. गेल्या वर्षी असंच एक पत्र आलं होतं, वसतिगृहाच्या न्हाणीघराबद्दल. तळमजल्यावरच्या एका खोलीचं दार रुंद झालं, आत धरायला दांडे बसले, उंबरा काढला. ते पत्र लिहिणारी विद्यार्थिनी मेमध्ये परत गेली. आता त्या खोलीत आपल्या घनसावंगीची मुलगी राहते.

माझं मत विचाराल तर या वादाचा कणा इथंच सापडतो. आपली मुलं गैरसोयीची इतकी सवय करून घेतात की गैरसोय नोंदवलीच जात नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलीकडे ती सवय लावून घ्यायला वेळ नसतो. तिला पहिल्या सोमवारी वर्गात पोचायचं असतं. कुठल्या मागच्या दारानं गेलं की पायऱ्या लागत नाहीत, कुठला शिपाई चांगला आहे, कुठल्या बाई वेळ वाढवून देतात, हे आपल्या मुलाला दोन वर्षांत कळतं. तिला ते कळेपर्यंत सत्र संपलेलं असतं. म्हणून तिच्या येण्यानं विद्यापीठाची जी परीक्षा होते, ती आपल्या मुलांच्या असण्यानं वर्षानुवर्षं होत नाही.

तात्यांना मात्र हे मान्य नव्हतं. त्यांचा मुद्दा पैशाचा होता तसा माणसांचाही होता.

तात्या : तुमचं सगळं कागदावर. आमच्या कॉलेजात पोलिओ झालेला एक मुलगा होता. रॅम्प नव्हता, लिफ्टचं तर नावच नको. पण चार मित्र होते. रोज सकाळी त्याला खुर्चीसकट उचलून वर न्यायचे, संध्याकाळी खाली आणायचे. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही त्यांनी. त्यातला एक आज सरपंच आहे, त्याला विचार, तो अजून त्याच्या घरी जातो. हे नातं तुझ्या कुठल्या समान संधी केंद्रातून तयार होणार आहे?

धाकटी : त्यानं विषय कुठले घेतले होते?

तात्या : मराठी, राज्यशास्त्र, इतिहास.

धाकटी : तुमचा भूगोल नाही?

तात्या : भूगोलाची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. नकाशे, साधनं, सगळं तिथं. मित्र पहिल्या मजल्यापर्यंत न्यायचे. तो स्वतःच म्हणाला, सर, आणखी एक जिना नको, त्यांना किती त्रास द्यायचा.

धाकटी : त्याला नकाशे आवडायचे?

तात्यांनी याचं उत्तर दिलं नाही. त्यांनी दुसरं उदाहरण काढलं, आणि ते चांगलं काढलं. पुण्याच्या शां. ब. मुजुमदारांचं. गडहिंग्लजचा हा माणूस फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होता आणि वसतिगृहाचं कामही बघत होता. एक मुलगी रोज एका मुलाला खिडकीतून काहीतरी देताना त्यांना दिसली. आधी त्यांना भलताच संशय आला. चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, तो खोलीत एकटा पडून, आणि ती मुलगी त्याच्यासाठी जेवण आणते आहे. परक्या देशात आजारी पडलेल्या विद्यार्थ्याचं कुणी नाही, हे त्यांना तिथं दिसलं.

तात्या : हीच माझी गोष्ट आहे. एका मुलीची माया. तिला कुणी नियम लावला होता का?

धाकटी : आणि मुजुमदारांनी पुढं काय केलं? मुलीला शाबासकी देऊन थांबले? त्यांनी 1971 साली सिंबायोसिस ही संस्था काढली, परदेशी विद्यार्थ्यांना आधार मिळावा म्हणून. पुढच्या आजारी मुलाला अशी मुलगी मिळेलच, यावर ते विसंबून राहिले नाहीत. तात्या, तुमचे ते चार मित्र देवमाणसं होते. पण त्यांतल्या दोघांना मलेरिया झाला असता तर? आणि कुणी बाईमाणूस असती तर चार पोरांनी उचलून नेलेलं घरच्यांना चाललं असतं?

तात्या : नसतं चाललं. ती घरी बसली असती.

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की पुढचा वाद थोडा मऊ झाला. कपाटातून त्यांनी परीक्षेच्या जुन्या सूचनांची फाइल काढली. आता मुद्दा लेखनिकाचा निघाला, आणि या बाबतीत आमच्या घरात तात्यांइतका जाणकार कुणी नाही.

धाकटी : मी रोज कशाशी झगडते सांगू? टक्क्यांशी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखून ठेवल्या, वयात पाच वर्षांची सवलत दिली. पण या सगळ्याचं दार उघडतं ते 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्रानं. आमच्याकडे येणाऱ्या परदेशी मुलाजवळ त्याच्या विद्यापीठाचं पत्र असतं. त्यात लिहिलेलं असतं, याला वाचायला दीडपट वेळ लागतो, याला परीक्षेला शांत खोली हवी, फळ्यावरचं आधी मेलवर पाठवा. टक्का कुठंच नसतो. आमच्या परीक्षा विभागातले गृहस्थ पत्र उलटंसुलटं करून बघतात आणि विचारतात, ‘मॅडम, ते ठीक आहे, पण किती टक्के?’

तात्या : बरोबर विचारतात. टक्का नसेल तर उद्या कुणीही उठून लेखनिक मागेल. मी केंद्रावर काय काय बघितलंय. हुशार पोरगा लेखनिक म्हणून बसवायचा, आणि परीक्षार्थी नुसता शेजारी बसून राहणार. लेखनिक एक पायरी खालच्या इयत्तेचा पाहिजे, हा नियम उगीच आला नाही.

धाकटी : नियम असू दे ना. पण विकास कुमार नावाच्या एका डॉक्टरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. लिहिताना हात आखडायचा. केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला, कारण 40 टक्क्यांची अट. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयानं सांगितलं की आरक्षणासाठी टक्क्यांची अट वेगळी आणि परीक्षा देता यावी म्हणून लागणारी सोय वेगळी. सोय नाकारायला टक्का दाखवता येणार नाही. त्यावरून ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं 40 टक्क्यांखालच्यांसाठीही लेखनिकाच्या सूचना काढल्या.

तात्या : खालच्यांनाही? मग तासाला वीस मिनिटं जादा, ती पण?

धाकटी : ती पण. लिहायला अडचण आहे असं डॉक्टरी पत्र लागतं.

तात्यांनी फाइलमधला 2018 सालच्या सूचनांचा कागद काढून पुन्हा वाचला आणि खाली ठेवला. त्यांच्या केंद्रावर 35 टक्क्यांवर अडकलेली मुलं येऊन गेली असणार. कुणाकुणाचा चेहरा त्यांना आठवला ते मी विचारलं नाही.

टक्क्यांचा हा घोळ उलट्या दिशेनंही होतो. आपला विद्यार्थी ब्रिटनला जातो तेव्हा तिथल्या अपंगत्व सहाय्य कक्षाला आपलं ‘45 टक्के, कायमस्वरूपी’ हे प्रमाणपत्र दाखवतो आणि तिथले लोक विचारतात, ठीक, पण तुला वर्गात नेमकं काय जमत नाही? आपल्या मुलाला हे कुणी आयुष्यात विचारलेलं नसतं. त्याला उत्तर येत नाही. ब्रिटिश सरकारचा दिव्यांग विद्यार्थ्यांचा भत्ता परदेशी मुलांना मिळत नाही, पण 2010 च्या समानता कायद्यानं विद्यापीठावर वाजवी बदल करण्याचं बंधन आहे, आणि ते परदेशी विद्यार्थ्यालाही लागू होतं. विद्यार्थी येऊन मागेपर्यंत थांबायचं नाही, आधीच विचार करून ठेवायचा, असं ते बंधन आहे. माझ्या बहिणीचा सगळा आग्रह या एका गोष्टीवर आहे. आपल्या 2016 च्या कायद्यातही दिव्यांग व्यक्तीची व्याख्या करताना नागरिकत्वाची अट घातलेली नाही. पाहुण्याला टाळायला कायद्याचा आधार मिळत नाही.

तात्या : बरं, तू काय काय आधीच करतेस ते तरी सांग. मला ऐकायचंय.

मग ती बोलत राहिली आणि तात्या मधे मधे प्रश्न विचारत राहिले. अमेरिकेहून कर्णबधिर विद्यार्थी आला तर आपला सांकेतिक भाषेचा दुभाषी त्याच्या कामाचा नाही, कारण अमेरिकी सांकेतिक भाषा वेगळी, भारतीय वेगळी. मग ऑनलाइन दुभाषी किंवा बोललेलं पडद्यावर टाइप करणारा माणूस शोधावा लागतो, तेही सत्र सुरू व्हायच्या आधी. विजेवर चालणारी खुर्ची अमेरिकेतून आली तर तिचा चार्जर 120 व्होल्टचा असू शकतो, आपल्या 230 वर लावला की जळून जायचा. काही औषधं तिकडे साध्या चिठ्ठीवर मिळतात आणि इथं नियंत्रित यादीत असतात, त्यामुळे विमानात बसण्याआधीच डॉक्टरचं पत्र आणि पर्याय ठरवून ठेवावा लागतो. आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे वाचायचं साहित्य.

हे साहित्याचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण तात्यांचा पवित्रा बदलला तो इथं.

मागच्या वर्षी तिच्याकडे एक अंध विद्यार्थी आला. संगणकावरचा मजकूर त्याला यंत्र वाचून दाखवतं. एनव्हीडीए नावाची मोफत प्रणाली आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तयार केलेली, जगभर वापरतात. प्राध्यापकांनी त्याला वाचनाची यादी दिली, साठेक लेख. त्यातले बरेचसे म्हणजे झेरॉक्सचे मोबाइलवर काढलेले फोटो. फोटोत अक्षरं असली तरी यंत्राच्या लेखी ते चित्र. तो बसला ऐकायला, आणि यंत्र गप्प. मग विभागानं सगळे लेख नीट स्कॅन करून, अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून, चुका तपासून नवी प्रत केली. काम दोन महिने चाललं. ते चालू असताना बहिणीनं शेजारच्या मराठी विभागालाही विचारलं, तुमच्या नोट्स कशा आहेत? त्या टाइप केलेल्या होत्या, पण श्रीलिपीत.

तात्या : मग? टाइप केलेल्या होत्या ना?

धाकटी : यंत्राला श्रीलिपी कळत नाही, तात्या. आपल्याला पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा असतो. यंत्र तो गोळा वाचतं. युनिकोडमध्ये असेल तरच ते मराठी मराठीसारखं वाचतं.

तात्या : माझ्या भूगोलाच्या नोट्स बसस्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतल्या होत्या. पोरं अजून त्याच वापरतात. त्या…?

धाकटी : बहुधा श्रीलिपीतच असतील.

तात्या उठून आत गेले आणि त्यांचा पेन ड्राइव्ह घेऊन आले. तिच्या लॅपटॉपवर फाइल उघडली, एनव्हीडीए सुरू केलं. ‘दख्खनचे पठार’ या मथळ्याच्या जागी यंत्रानं इंग्रजीत एकेक अक्षर, मधे अर्धविराम, टक्क्याचं चिन्ह, असं काहीतरी धाडधाड म्हणून दाखवलं. तात्यांनी ते तीनदा ऐकलं. तिनं एक परिच्छेद बदलणाऱ्या प्रणालीतून काढून पुन्हा लावला, आणि यंत्र जरा नाकातल्या आवाजात पण स्वच्छ मराठीत बेसॉल्टबद्दल बोलायला लागलं. परदेशी अंध मुलासाठी सुरू झालेलं काम मंठ्याच्या अंध मुलाच्या कसं उपयोगी पडतं, याला याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

तरी तात्यांनी मुद्दा सोडला नाही, आणि मला त्यांचं हे आवडतं.

तात्या : काम दोघांच्या उपयोगी पडतं, मान्य. पण सुरू कुणासाठी झालं? पाहुण्यासाठी. आपलं लेकरू परदेशी जाऊन पाहुणं कधी होणार? तुमचे करार दुहेरी म्हणतेस, तर आपल्याकडून किती दिव्यांग मुलं गेली?

धाकटी : फार थोडी. केंद्र सरकारची दिव्यांगांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 20.

तात्या : जिल्ह्याला?

धाकटी : देशाला.

तात्या : वीस! सबंध देशात! आणि त्यातल्या मराठवाड्याला किती, एक? अर्धा?

धाकटी : म्हणून तर विद्यापीठांचे करार महत्त्वाचे. युरोपच्या इरॅस्मस प्लस योजनेत दिव्यांग विद्यार्थ्याचा जादा खर्च, सोबतीचा माणूस, खास वाहन, हे नेहमीच्या शिष्यवृत्तीपेक्षा वेगळं मिळू शकतं. पण ते मागावं लागतं, आणि मागायला आपल्या विद्यापीठात कुणीतरी बसलेलं लागतं. आपला विद्यार्थी निवड समितीपुढे जातो तेव्हा समितीच म्हणते, ‘याला तिकडे झेपेल का?’ तिथंच संपतं.

इथं मी मधे पडलो. मला पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 साली, वयाच्या पंचविशीत, दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. आदल्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे हे सांगितलं होतं. पण त्यांना कमी ऐकू येत होतं आणि ते वाढत चाललं होतं. बहिरेपणामुळे वैद्यकाचा रस्ता तिथं बंद झाला. ‘झेपणार नाही’ हे मराठी मुलखातून परदेशी गेलेल्या विद्यार्थिनीला ऐकावं लागलं ते तेव्हापासून. पुढं त्या चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात गेल्या, डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकल्या, तिथं संस्कृतही शिकवलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, आणि तिथं अंध स्त्रियांसाठी बर्तीमी सदन. ज्या बाईला कान कमी म्हणून डॉक्टर होता आलं नाही, तिच्या संस्थेत अंध बायका ब्रेल शिकल्या.

तात्या : बघ. दार बंद झालं तरी बाई थांबली नाही. कुठलं कार्यालय होतं तिच्या पाठीशी?

धाकटी : त्या रमाबाई होत्या. संस्कृत मुखोद्गत, सभा गाजवलेल्या. माझ्याकडे निवडीला येणारा मुलगा परतूरचा असतो, आधीच बुजलेला. त्याच्याकडून रमाबाईंची अपेक्षा ठेवायची? आणि एक विचार करा, इंग्लंडनं तेव्हा ‘काय केलं म्हणजे हिला वैद्यक शिकता येईल’ असं विचारलं असतं, तर आपल्याला एक डॉक्टर मिळाली असती.

तात्या : मग मुक्ती मिशन मिळालं नसतं कदाचित.

धाकटी : कदाचित. पण ते ठरवायचं रमाबाईंनी होतं.

या उत्तरावर तात्यांनी मान डोलावली, की नुसतीच हलवली, सांगता येत नाही. मला बहिणीचं पटलं. बंद दारातून वाट काढणाऱ्यांच्या गोष्टी आपण इतक्या प्रेमानं सांगतो की दार कुणी बंद केलं हे विचारायचं राहून जातं.

रात्र बरीच झाली होती. तात्यांनी शेवटची शंका काढली, आणि मला वाटतं ती सगळ्यात अवघड होती.

तात्या : तू म्हणतेस, आधी कळलं तर तयारी करता येते. पण सांगणार कोण? आपल्याकडं घरचेच लपवतात. मुलीला फिट येतात हे वर्गशिक्षकालासुद्धा सांगत नाहीत, पुढं लग्न जमायचं असतं. माझ्या वर्गात एक मुलगी पेपर लिहिता लिहिता कोसळली, तेव्हा आईनं कबूल केलं की लहानपणापासून गोळ्या चालू आहेत.

धाकटी : परदेशी मुलंही लपवतात. अर्जात ‘काही आजार किंवा अपंगत्व आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहितात आणि इथं आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर रडतात. त्यांना वाटतं, ‘हो’ लिहिलं तर निवड होणार नाही.

तात्या : होते का?

धाकटी : कधी कधी खरंच होत नव्हती. म्हणून आम्ही फॉर्म दोन केले. निवड आधी होते, त्या समितीला काही दिसत नाही. निवड झाल्यावर दुसरा फॉर्म जातो. त्यात अपंगत्वाचं नाव विचारत नाही, काय लागेल ते विचारतो. जिना चढता येतो का, छापील वाचता येतं का, परीक्षेला जादा वेळ लागतो का, रात्री कुणाला फोन करायचा.

तात्या : तो दुसरा फॉर्म मला मराठीत करून दे. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे. त्याआधी इथल्या कॉलेजांत फिरून मुलांकडून भरून घेतो. अजून मला कुणी नाही म्हणत नाही.

धाकटी : परीक्षेच्या आधी नाही, तात्या. जूनमध्ये, प्रवेश होतो तेव्हा. नाहीतर ती मुलं परत भूगोल सोडून इतिहास घेतील.

तात्या : जूनमध्ये आईबाप शेजारी बसून फॉर्म भरतात. खरं लिहू देणार नाहीत.

धाकटी : मग फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहू, की यावरून प्रवेश नाकारला जाणार नाही आणि हा कागद वर्गात कुणाला दाखवला जाणार नाही. खाली प्राचार्यांची सही घ्या.

तात्या : शिक्का पण लागेल. शिक्क्याशिवाय इथं कुणी विश्वास ठेवत नाही.